रंजक ते प्राइमर: मसुराएवढ्या टोपीची निवड

पिस्तुलाच्या काडतुसात चार जिन्नस असतात. पितळेची पुंगळी, तिच्यातली दारू, तोंडाशी बसवलेली गोळी आणि बुडात दाबून बसवलेली धातूची एक छोटी टोपी. या टोपीचं प्राइमर हे नाव आता मराठीतही रुळलं आहे. आकाराने ती मसुराच्या दाण्याएवढी. पण नुसत्या ठोशाने पेटावी म्हणून मुद्दाम घडवलेली वस्तू चौघांत ही एकटीच.

झाडलेली पुंगळी गोळा करायची, साफ करायची आणि नवा प्राइमर, नवी दारू, नवी गोळी घालून तिचं पुन्हा काडतूस करायचं, याला नेमबाजांच्या बोलीत रीलोडिंग म्हणतात. अमेरिकेत हा लाखो लोकांचा छंद आहे. खर्च वाचतो आणि आपल्या हत्याराला मानवेल असं काडतूस घडवता येतं. या छंदात नवा शिरलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो हाच: प्राइमर कुठला घेऊ? त्याला कंपनीचं नाव हवं असतं आणि नावं सांगणारे भरपूर भेटतात. कोणी म्हणतं अमुकच मऊ, कोणी म्हणतं तमुक कधी दगा देत नाही, कोणी म्हणतं मिळेल तो घे, सगळे सारखेच. तिघांच्याही म्हणण्यात थोडं थोडं खरं असल्यामुळे गोंधळ वाढतो.

या सगळ्या मतांचा आढावा घेतला की एक क्रम हाती लागतो. आधी कायदा, मग पुंगळी, मग माप, मग छापील कोष्टक आणि सर्वांत शेवटी कंपनी. नवशिका हा क्रम उलट्या टोकाने चढायला जातो.

हा विषय नागपुरात बसून लिहिण्याला अर्थ आहे. देशभरातल्या स्फोटकांच्या परवान्यांवर देखरेख ठेवणारी पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना, म्हणजे ‘पेसो’, हिचं मुख्यालय इथे सेमिनरी हिल्सवर आहे. ५ सप्टेंबर १८९८ ला स्फोटक विभाग म्हणून सुरू झालेली ही यंत्रणा. तिचं चाचणी केंद्र शहराबाहेर गोंडखैरीला. पश्चिमेला अंबाझरीचा आयुध कारखाना, पूर्वेला भंडाऱ्याजवळ जवाहरनगरचा, दक्षिणेला भद्रावतीचा, वर्ध्याकडे पुलगावचं दारूगोळा भांडार आणि अमरावती रस्त्यावर बाजारगावचे खासगी स्फोटक कारखाने. १७ डिसेंबर २०२३ ला बाजारगावच्या स्फोटात नऊ कामगार गेले, २४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरला आठ. तिथला माल टनांत मोजला जातो आणि प्राइमरमधला मसाला मिलिग्रॅममध्ये. तरी स्फोटकाची शिस्त दोन्हीकडे एकच असते, आणि ती काय मोलाची हे या परिसराला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

रंजक, टोपी, प्राइमर

प्राइमर परका वाटला तरी त्याचं काम मराठीला जुनं ठाऊक आहे. तोड्याच्या बंदुकीत नळीच्या बुडाशी एक बारीक छिद्र असे. त्याच्या तोंडाशी चिमूटभर बारीक दारू घालायची, ती रंजक. पेटता तोडा रंजकीला टेकला की आग छिद्रातून आत शिरून मुख्य दारू पेटे. पुढे तोड्याच्या जागी चकमक आली, रंजक मात्र राहिलीच. पावसात ती भिजे, वाऱ्याने उडे, आणि कधी वरची रंजक भपकन जळून जाई पण आतली दारू ढिम्म हलत नसे. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई पेटली तेव्हा भोसल्यांच्या अरब सैनिकांकडे तोड्याच्या बंदुका होत्या, ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायांकडे चकमकीच्या. दोघांचाही जीव रंजकीवर टांगलेला.

त्यावरचा उपाय तोवर शोधला गेला होता. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वी गावचे पाद्री अलेक्झांडर फोर्सिथ शिकारीचे शौकीन. चकमकीची ठिणगी दिसताच पक्षी उडून जात, म्हणून ते वैतागले होते. धातूंचे काही क्षार नुसत्या ठोशाने फुटतात हे रसायनशास्त्रज्ञांना माहीत होतं. एडवर्ड हॉवर्ड यांनी १८०० मध्ये पाऱ्याच्या फल्मिनेटचं वर्णन प्रसिद्ध केलं होतं. अशा ठोशाने फुटणाऱ्या मसाल्यावर चालणाऱ्या चापाचं पेटंट फोर्सिथ यांनी १८०७ मध्ये घेतलं. लवकरच तो मसाला तांब्याच्या इवल्या टोपीत भरला जाऊ लागला. बोहेमियात १८२५ साली सुरू झालेली सेलियर अँड बेलो ही कंपनी मुळात अशा टोप्या करण्यासाठीच निघाली. ती आजही प्राइमर बनवते.

आडनावाचा एक योगायोग आपल्या भागाशी जुळतो. नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतातल्या जंगलांवर ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हे १८७१ चं गाजलेलं पुस्तक लिहिणारा अधिकारी जेम्स फोर्सिथ. शिकारी बंदुकीच्या गोळ्यांवरही त्याने स्वतंत्र पुस्तक लिहिलं होतं. मध्य प्रांतातल्या त्याच रानांत ठासणीची, टोपीवर चालणारी बंदूक पुढे पिढ्यानपिढ्या टिकली. गडचिरोलीकडे तिला भरमार म्हणतात, आणि पोलिसांकडे जमा झालेल्या भरमार बंदुकांच्या बातम्या अजून छापून येतात. भरमारीची टोपी बाहेरून चढवतात, आधुनिक काडतुसाची बुडातच बसलेली असते. फरक जागेचा आहे, काम तेच.

आधी कायदा

शस्त्र अधिनियम १९५९ मधली दारूगोळ्याची व्याख्या नवशिक्याने एकदा नीट वाचावी. तयार काडतूस तर तीत आहेच, शिवाय काडतुसाचे भाग आणि काडतूस तयार करण्याची यंत्रसामग्रीसुद्धा आहे. म्हणजे प्राइमरचा डबा हा काही स्क्रूच्या डब्यासारखा सुटा माल नव्हे, आणि पुंगळी भरायचा हातप्रेस हेही साधं अवजार नव्हे. कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप आहे. दुसऱ्या बाजूने १८८४ चा स्फोटक अधिनियम आणि २००८ चे स्फोटक नियम लागू होतात. त्यांच्या वर्गवारीत फल्मिनेट पाचव्या वर्गात आणि दारूगोळा सहाव्या वर्गात मोडतो.

इथे हमखास होणारा घोळ असा. नागपूर शहरात पोलीस आयुक्तांकडून किंवा ग्रामीण भागात जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून मिळालेला शस्त्र परवाना खिशात आहे, म्हणजे त्या शस्त्राची काडतुसं घरी भरायलाही मोकळीक आहे, असं अनेकांना वाटतं. तो परवाना शस्त्र बाळगण्याचा आणि ठरावीक काडतुसं ठेवण्याचा असतो. काडतूस घडवणं ही वेगळी कृती आहे आणि तिचा परवाना वेगळा. त्यामुळे नागपूरच्या .३२ रिव्हॉल्व्हरवाल्याच्या हाती आज खरोखर येणारी निवड म्हणजे अधिकृत दुकानातलं तयार काडतूस. खेळाडूला त्याच्या संघटनेच्या मार्गाने आणखी थोडे पर्याय मिळतात. ती संघटना म्हणजे १९५१ मध्ये दादासाहेब मावळंकरांच्या पुढाकाराने स्थापन झालेली नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया. लोकसभेच्या या पहिल्या अध्यक्षांच्या नावाने नेमबाजीची स्पर्धा आजही भरते.

मग हा आढावा कोणाच्या कामाचा? एक तर परदेशात स्थायिक झालेल्या मराठी माणसाच्या. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरतं रीलोडिंग करायला केंद्रीय परवाना लागत नाही. विक्रीसाठी काडतूस बनवलं की लागतो. पण नागपूरहून एच-वन-बी व्हिसावर गेलेल्या अभियंत्याला एक गोष्ट सहकारी बहुधा सांगत नाहीत. तिथल्या केंद्रीय कायद्याने स्थलांतरित नसलेल्या, म्हणजे तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला शस्त्र आणि दारूगोळा दोन्ही बाळगायला मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारूनच. ग्रीन कार्ड आल्यावर चित्र बदलतं. त्यानंतरही राज्याराज्याचे नियम वेगळे. आणि मायदेशी येताना ‘मामासाठी एक डबा’ म्हणून प्राइमर सामानात टाकायचा विचारही नको. विमानात ते हातातल्या बॅगेत चालत नाहीत आणि विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानातही नाहीत.

दुसरा वाचक म्हणजे भारतातलाच परवानाधारक आणि नेमबाज. आपलं काडतूस कधी चुकतं, का चुकतं, जुना माल किती विश्वासाचा, याची उत्तरं प्राइमर कळल्याशिवाय मिळत नाहीत.

मग पुंगळी

प्राइमरच्या निवडीचा निम्मा निकाल पुंगळीच लावून टाकते. झाडलेली पुंगळी उजेडाकडे धरून तोंडातून आत पाहावं. बुडात मधोमध एकच छिद्र दिसलं तर ती बॉक्सर पद्धतीची. दोन बारीक छिद्रं आणि मध्ये उंचवटा दिसला तर बर्डन पद्धतीची.

दोन्ही पद्धती १८६६ सालच्या. प्राइमरचा मसाला ठोशाखाली चिरडायला मागून टेका लागतो. तो टेका म्हणजे ऐरण. घोड्याचा खिळा टोपीवर आदळतो, मसाला टोपी आणि ऐरण यांच्यामध्ये सापडतो आणि पेटतो, ज्वाळा छिद्रातून दारूत शिरते. अमेरिकेच्या हायरम बर्डन यांनी ऐरण पुंगळीच्याच बुडात ठेवली. इंग्लंडच्या वुलिच शस्त्रागारातल्या एडवर्ड बॉक्सर यांनी ती टोपीच्या आत बसवली. पुढे गंमत अशी झाली, की अमेरिकनाची पद्धत युरोपात रुजली आणि इंग्रजाची अमेरिकेत. कारखान्याला बर्डन सोयीचा, कारण टोपीत ऐरण बसवायचा खटाटोप वाचतो. पुन्हा भरणाऱ्याला बॉक्सर सोयीचा, कारण मधल्या छिद्रातून सळई घातली की जुना प्राइमर सहज बाहेर पडतो. बर्डनमध्ये मध्ये ऐरण असल्याने सळई अडते. शिवाय बर्डन प्राइमरची मापं अनेक आणि सुटे मिळणं दुर्मीळ. म्हणून नवशिक्याने बर्डन पुंगळी बाजूला ठेवावी, यावर सगळ्या जाणत्यांचं एकमत आहे.

तिसरी पुंगळी अशी, की जिला प्राइमरच नसतो. .२२ च्या काडतुसात मसाला बुडाच्या कडेत आतून भरलेला असतो आणि खिळा कडेवरच आपटतो. ती कड एकदा चेपली की संपलं. ही पुंगळी पुन्हा भरता येत नाही. आपल्या नेमबाजीचं मोठं वैभव या पुंगळीवर उभं आहे. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं ते .२२ वर. स्वप्नील कुसळेने पॅरिसमध्ये १ ऑगस्ट २०२४ ला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सचं कांस्य मिळवलं तेही .२२ वर. १० मीटरच्या एअर पिस्तुलात तर दारूच नाही. म्हणजे खेळाच्या अंगाने पाहिलं तर प्राइमरचा प्रश्न मुख्यतः २५ मीटर सेंटर-फायर पिस्तुलापुरता उरतो, जिथे .३२ चं हत्यार चालतं.

लष्करी पुंगळीची आणखी एक खोड आहे. ९ एमएमसारख्या पुंगळ्यांमध्ये प्राइमर उसळू नये म्हणून भोवतीचं पितळ दाबून कड आवळलेली असते. ती कड काढल्याशिवाय नवा प्राइमर नीट जात नाही आणि जबरदस्तीने दाबला तर हातात फुटू शकतो. पुंगळीच्या बुडावरची अक्षरं म्हणूनच वाचावीत. आपल्याकडची ‘केएफ’ ही खूण १८६९ साली सुरू झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची.

माप

हातशस्त्रांच्या बॉक्सर प्राइमरची मापं दोनच. लहान प्राइमरचा व्यास ०.१७५ इंच, म्हणजे जवळपास ४.४५ मिलिमीटर. मोठ्याचा ०.२१० इंच, ५.३३ मिलिमीटर. ९ एमएम, .३८ स्पेशल, .३५७ मॅग्नम, .४० आणि .३२ हे लहानावर चालतात. .४५ एसीपी, .४४ मॅग्नम हे मोठ्यावर.

.४५ मध्ये मात्र अलीकडे घोळ शिरला आहे. काही कारखाने याच काडतुसाच्या पुंगळ्या लहान प्राइमरच्याही काढतात. रेंजवरून गोळा केलेल्या ढिगात दोन्ही मिसळतात, आणि यंत्राच्या लयीत मोठा प्राइमर लहान खाचेत दाबला जातो. वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या या चुकीत खरा धोका आहे. पुंगळ्या आधी निवडून वेगळ्या करणं हे काम तांदूळ निवडण्याइतकंच कंटाळवाणं आहे आणि तितकंच टाळता न येणारं.

नागपूरकरासाठी या भागाचं उत्तर एका ओळीत बसतं. आपल्याकडे ९ एमएम आणि .४५ हे प्रतिबंधित बोअर. सामान्य परवान्यावर रिव्हॉल्व्हर दिसतं ते .३२ एस अँड डब्ल्यू लाँगचं आणि पिस्तूल .३२ एसीपीचं. दोन्हींचा प्राइमर लहान. परदेशात डझनभर पर्यायांत घोळणारा प्रश्न इथे एका मापावर येऊन थांबतो.

रायफलचा, पिस्तुलाचा, मॅग्नमचा

व्यास जुळला म्हणजे प्राइमर जुळला असं नाही. लहान रायफल प्राइमर आणि लहान पिस्तूल प्राइमर बाहेरून एकाच मापाचे, पण रायफलच्या टोपीचा पत्रा जाड असतो, कारण त्याला जास्त दाब सोसायचा असतो. पिस्तुलाच्या हलक्या घोड्याने तो चेपला नाही तर काडतूस चुकतं. उलट पिस्तुलाचा पातळ प्राइमर रायफलमध्ये घातला तर पत्रा फाटून गरम वायू मागे येऊ शकतो. मोठ्या मापात तर उंचीच वेगळी. रायफलचा मोठा प्राइमर पिस्तुलाच्या खाचेत बाहेर डोकावत राहतो. तुटवड्याच्या काळात ‘माझं तर चाललं’ म्हणत अदलाबदल सुचवणारे अनुभवी लोक भेटतात. त्यांचं चाललं ते त्यांच्या हत्यारात, त्यांच्या मापलेल्या भरणीवर. नवशिक्याकडे यातलं काहीच नसतं.

मॅग्नम प्राइमरबद्दलचा गैरसमज याहून जास्त. त्याची ज्वाळा अधिक तापट आणि लांब टिकणारी. चटकन न पेटणाऱ्या गोलदाणी दारूसाठी, मोठ्या भरणीसाठी आणि कडाक्याच्या थंडीसाठी तो घडवला. नुसता तो बदलला तरी पुंगळीतला दाब बदलतो. म्हणून रीलोडिंगच्या पुस्तकात ज्या कोष्टकात साधा प्राइमर लिहिला आहे तिथे साधाच घ्यायचा. हेच या विषयातलं सर्वांत मोलाचं सूत्र. कोष्टक तयार करणाऱ्यांनी दारू, गोळी, पुंगळी आणि प्राइमर ही चौकडी एकत्र तपासून दाब मोजलेला असतो. चौघांतला एक बदलला की तो आकडा आपला राहत नाही. मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जाणाऱ्या गावात, .३२ च्या चिमुकल्या भरणीसाठी मॅग्नमची गरज नाही हे वेगळं सांगायला नको.

नावांचा गुंता हा आणखी एक सापळा. सीसीआयचा लहान पिस्तूल प्राइमर ५०० क्रमांकाचा आणि मोठा ३०० चा. फेडरलचा लहान १०० आणि मोठा १५०. रेमिंग्टनचा लहान दीड, मोठा अडीच आणि लहान मॅग्नम साडेपाच. आकडा मोठा म्हणजे प्राइमर मोठा, हा अंदाज तिन्ही घरांत धरून चालत नाही. डब्यावरचा शब्द वाचायचा, आकड्यावर विसंबायचं नाही.

आता कंपनी

इथवर आलं की कंपनीचा प्रश्न बराच सोपा होतो. साध्या, न बदललेल्या हत्यारात कुठल्याही नावाजलेल्या घराचा योग्य मापाचा प्राइमर पेटतोच. भेद दिसतो तो हत्यारात फेरफार केल्यावर. स्पर्धेतले रिव्हॉल्व्हरवाले चाप हलका व्हावा म्हणून स्प्रिंग मऊ करून घेतात. मग घोडा हळू आदळतो आणि कडक टोपी चुकते. अशा लोकांत फेडरलला मान, कारण ती सर्वांत मऊ मानली जाते. हा मऊपणा फुकट मिळत नाही. चटकन पेटणारी टोपी हाताळतानाही जास्त जपावी लागते. फेडरलचे डबे इतरांपेक्षा ऐसपैस असतात ते उगाच नाही. त्यात प्राइमर एकमेकांपासून दूर ठेवलेले असतात. सीसीआयची टोपी थोडी कडक आणि यंत्रात सरळ सरकणारी, अशी तिची ख्याती. विंचेस्टरचा मोठा पिस्तूल प्राइमर साध्या आणि मॅग्नम दोन्ही भरणींसाठी म्हणून विकला जातो. युरोपातून सेलियर अँड बेलो, इटलीची फिओची, बोस्नियातली जिनेक्स यांचा माल येतो आणि त्यालाही समाधानी गिऱ्हाईक आहे.

उपलब्धता हा कंपनीपेक्षा मोठा मुद्दा, हे २०२० नंतर अमेरिकेतल्या सगळ्यांना कळलं. महासाथ, वाढती मागणी आणि त्याच वर्षी रेमिंग्टनची दिवाळखोरी यांनी दुकानं ओस पडली. तीन-चार सेंटांचा प्राइमर दहा सेंटांच्या वर गेला. त्या काळात शिकलेल्या लोकांचा सल्ला मोलाचा आहे: एकाच घराचे, शक्य तर एकाच लॉटचे हजारभर प्राइमर घेऊन सुरुवात करावी. शंभर या घराचे आणि शंभर त्या घराचे घेतले तर चूक प्राइमरची, हाताची की हत्याराची, हे कधीच कळत नाही. डब्यावरचा लॉट क्रमांक वहीत लिहून ठेवावा.

आणि चुकलेल्या काडतुसाचा दोष प्राइमरवर टाकण्यापूर्वी हाताकडे पाहावं. प्राइमर खाचेत पुरता न बसणं हे चुकण्याचं फार मोठं कारण. घोड्याचा पहिला ठोसा त्याला आत ढकलण्यातच खर्च होतो, दुसऱ्या ठोशाला तो पेटतो. नीट बसलेला प्राइमर पुंगळीच्या बुडापेक्षा किंचित खाली असतो. बोट फिरवलं की कळतं. म्हणूनच जाणते नवशिक्याला भरधाव यंत्राऐवजी हातात धरून एकेक प्राइमर बसवायचं अवजार देतात. भरधाव यंत्राच्या नळीत शंभर प्राइमर एकावर एक रचलेले असतात. एक फुटला तर बाकीचे त्याच्यामागे जाऊ शकतात.

मसाला, शिसं, साठवण

जुन्या प्राइमरची गोष्ट वेगळी. पाऱ्याच्या फल्मिनेटने पुंगळीचं पितळ ठिसूळ होई. पुढचे क्लोरेटचे प्राइमर नळीत क्षार सोडत. तो क्षार मिठासारखा दमट हवा ओढून नळीला गंज चढवी. हा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. .३०३ रायफलीच्या जमान्यात शिपाई नळीत उकळतं पाणी ओतत ते यासाठी. १९२० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत आणि अमेरिकेत न गंजवणारे प्राइमर बाजारात आले, आणि शिशाच्या स्टिफ्नेटवर आधारलेला मसाला जगभर स्थिरावला. आजोबांच्या पेटीत सापडलेल्या जुन्या काडतुसांना हात लावण्याऐवजी पोलिसांना कळवणं योग्य, त्याचं हेही एक कारण.

नव्या मसाल्याने नळी वाचली, पण शिसं आलं. झाडलेल्या पुंगळीतल्या काजळीत ते असतं. पुंगळ्या साफ करताना उडणारी धूळ, बंद रेंजवरची हवा, न धुतलेले हात, हे त्याचे मार्ग. मुलं ज्या घरात रांगतात तिथे हा धोका स्फोटापेक्षा जास्त रोजचा आहे. शिसं नसलेले प्राइमर निघाले आहेत, पण पुस्तकांतली बहुतेक कोष्टकं जुन्या मसाल्यावर बेतलेली असल्याने नवशिक्याने तिकडे घाईने वळू नये.

साठवणीचा नियम एकच आणि तो मोडायचा नाही: प्राइमर त्याच्या मूळ डब्यातच राहावा. काचेच्या बरणीत सुटे ओतलेले प्राइमर म्हणजे एकाच ठिणगीने एकदम फुटणारा बॉम्ब. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संहितेत घरगुती साठ्याची मर्यादा दहा हजारांची आहे. तेलात बुडवले की प्राइमर निकामी होतात, हा समजही धोक्याचा. काही वाळल्यावर पुन्हा पेटतात. काम करताना डोळ्यांवर चष्मा हवा. आणि अर्धवट बसलेला जिवंत प्राइमर ठोकून आत घालायचा किंवा बाहेर काढायचा मोह झाला, तर उठून चहाला जावं.

कुठला प्राइमर घेऊ, या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच जाणता माणूस लगेच देत नाही. तो आधी परवाना दाखव म्हणतो. मग पुंगळी मागतो, उजेडाकडे धरून आत पाहतो, बुडावरची अक्षरं वाचतो. मग कोष्टकाचं पान उघडायला सांगतो. एवढं झाल्यावर कंपनीचं नाव बहुतेक वेळा विचारणाऱ्याला आपसूकच सापडलेलं असतं. आणि पहिल्याच पायरीवर परवाना नसेल, तर तोही प्रश्न तिथेच सुटलेला असतो.